बुटांच्या दुकानातलं रॉकेट

रविवारचा चहा हातात असेल, पोहे गॅसवर असतील, मुलं अजून पांघरुणात असतील. आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे, ती कदाचित तुमच्याच गॅरेजमधल्या फळीवर धूळ खात पडली असेल. पुठ्ठ्याची हातभर नळी, टोकाला निमुळती टोपी, खाली तीन-चार पंख आणि पोटात दुमडून ठेवलेली छोटी प्लास्टिकची छत्री. मॉडेल रॉकेट! इथल्या शाळेत, स्काउटमध्ये किंवा उन्हाळी शिबिरात आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी ते एकदा तरी केलेलं असतं. पण ते आलं कुठून आणि कोणत्या भीतीतून आलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

मलाही दीड वर्षापूर्वीपर्यंत काही ठाऊक नव्हतं. माझ्या मुलाला अकराव्या वाढदिवसाला कुणीतरी असं रॉकेटचं किट दिलं. खोका बघताच मी म्हणाले, "हे आपल्या घरात नको." मुलगा हिरमुसला. कारण विचारत राहिला, पण मी काही ते सांगितलं नाही.

कारण जुनं होतं. सांगलीला माझ्या आजोळी एका दिवाळीत माझ्या मामेभावाने स्वतःचं रॉकेट करायचं ठरवलं. मी त्याला दादा म्हणते. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, हुशार आणि हाताचा चपळ. फटाके सोलून त्याने दारू जमवली आणि एका नळीत भरली. परसात मोठा आवाज झाला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आजही नीट वळत नाहीत. त्यानंतर आजोबांनी घरात फुलबाजीसुद्धा येऊ दिली नाही.

कामाच्या ठिकाणी मी लोकांना जोखीम कशी सांभाळायची हे शिकवते. तक्ते काढते, शक्यता मांडते, उपाय सुचवते. घरच्या जोखमीला मात्र माझ्याकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे 'नाही'. मग एका रात्री, निदान मुलाला कारण तरी नीट सांगावं म्हणून मी वाचायला बसले. आणि कळलं की साठ-पासष्ट वर्षांपूर्वी या देशातल्या आईबापांसमोर अगदी हाच प्रश्न उभा होता.

४ ऑक्टोबर १९५७. सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला. त्याच्या बीप-बीपने अमेरिकेत खळबळ उडाली आणि मुलांना रॉकेटचं वेड लागलं. पण विकत मिळणारं रॉकेट कुठे होतं? मग पोरं तळघरात, गॅरेजमध्ये, शेताच्या कडेला स्वतःच प्रयोग करू लागली. धातूच्या नळ्या आणि घरी कालवलेलं इंधन. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवूड या खाणगावातला होमर हिकम हा त्यातलाच एक. त्याच्या आठवणींवरून 'ऑक्टोबर स्काय' हा सिनेमा निघाला, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. होमर आणि त्याचे मित्र जिद्दीने शिकत गेले, १९६० साली राष्ट्रीय विज्ञान मेळ्यापर्यंत पोहोचले आणि पुढे तो नासात अभियंता झाला. पण प्रत्येक पोराची गोष्ट अशी संपली नाही. स्फोट झाले, मुलं जखमी झाली, काही दगावलीही. धातूची नळी फुटली की तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. माझ्या दादाच्या हाताला लागला तो तसलाच तुकडा.

अशा वेळी समाजात दोन आवाज उठतात, ते तेव्हाही उठले. एक म्हणे, सगळ्यावर बंदी घाला. दुसरा म्हणे, पोरांची जिज्ञासा मारू नका, उद्याचे शास्त्रज्ञ यांच्यातूनच येणार आहेत. दोन्ही आवाज खरे होते. अडचण अशी होती की पहिल्याने मुलांचं वेड जाणार नव्हतं आणि दुसऱ्याने त्यांची बोटं वाचणार नव्हती.

तिसरा रस्ता आला तो नेब्रास्कातल्या नॉरफोक या लहान गावातून, एका बुटांच्या दुकानातून.

दुकानाच्या मालकाचं नाव ऑरव्हिल कार्लाइल. शोभेच्या दारूकामाचा त्यांना छंद. त्यांचे भाऊ रॉबर्ट यांना मॉडेल विमानांचा नाद. रॉबर्ट रॉकेटच्या तत्त्वावर व्याख्यानं देत आणि तिथे उडवून दाखवायला त्यांना एक नमुना हवा होता. एका भावाला दारूकाम ठाऊक, दुसऱ्याला हवेत हलकी वस्तू स्थिर कशी ठेवायची हे ठाऊक. दोघांचं ज्ञान एकत्र आलं आणि १९५४ साली 'रॉक-ए-शूट' तयार झालं. म्हणजे स्पुटनिकच्या तीन वर्षं आधीच! प्रश्न जोरात विचारला जाण्यापूर्वीच उत्तर एका दुकानात तयार होतं, फक्त जगाला त्याचा पत्ता नव्हता.

त्यात नवीन काय होतं, ते आपल्या दिवाळीच्या रॉकेटशी ताडून बघू या. दिवाळीचं रॉकेट बाटलीत उभं करायचं, वात पेटवायची आणि पळायचं. त्याची लांब काठी शेपटीसारखं काम करते, त्याचं नाक वर ठेवते. वर गेलं, फुटलं, संपलं. काठी कुणाच्या तरी कौलावर पडते.

कार्लाइल बंधूंनी काठी काढून टाकली आणि मागे पंख लावले. सांगाडा कागदाचा आणि हलक्या लाकडाचा केला, म्हणजे काही बिनसलंच तर उडायला धातूचे तुकडे नकोत. इंजिन आधीच तयार केलेलं, कागदी नळीतलं, एकदा वापरून बदलायचं. मुलाने दारूला हातच लावायचा नाही. आणि सगळ्यात सुंदर भाग म्हणजे वर गेल्यावर इंजिनातलाच एक छोटा बार नाकाची टोपी बाहेर ढकलतो, छत्री उघडते आणि रॉकेट डुलत खाली येतं. नवं इंजिन घाला, पुन्हा उडवा. १९५८ च्या जुलैमध्ये कार्लाइल यांना या कल्पनेचं पेटंट मिळालं. त्यांची रॉकेटं पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयात जाऊन पोहोचली.

पण दुकानातलं रॉकेट देशभर पोहोचवायला माणूस लागतो. तो होता जी. हॅरी स्टाइन. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रावर तो काम करायचा आणि मासिकांत लेखही लिहायचा. १९५७ च्या सुरुवातीला 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकात त्याचा लेख आला. विषय होता, खऱ्या रॉकेटच्या कामात सुरक्षितता किती काटेकोर पाळली जाते. त्यानंतर त्याला मुलांची पत्रं येऊ लागली की आम्हाला रॉकेट करायचं आहे, कसं करू? पोरं काय करून बसतील या काळजीत स्टाइन पडला. तोच लेख नॉरफोकमध्ये कार्लाइल यांनी वाचला. त्यांनी स्टाइनला पत्र लिहिलं आणि आपली रॉकेटं पाठवून दिली. स्टाइनने ती उडवून पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं की आपण शोधत होतो ते हेच.

मंडळी, इथे जरा थांबा. व्यवस्थापनाच्या वर्गात आम्हाला नवनिर्मितीवर बरंच काही शिकवलं. पण शेवटी झालं काय? एका दुकानदाराने एक लेख वाचला आणि अनोळखी माणसाला पत्र टाकलं. त्या माणसाने ते पत्र बाजूला टाकलं नाही.

१९५७ सालीच स्टाइन डेन्वरला आला. म्हणजे आपल्या इथे, कॉलोराडोत! इथे त्याने 'मॉडेल मिसाइल्स' नावाची कंपनी काढली. या छंदातली ती पहिली कंपनी. त्याच वर्षी छांदिष्टांची संघटनाही उभी राहिली, तीच आजची नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री. नियम लिहिणं, हे तिचं पहिल्यापासूनचं काम. आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

मागणी वाढली आणि नेहमीची अडचण आली, ती पुरवठ्याची. इंजिनं हाताने भरून किती होणार? आणि हाताने भरलेलं प्रत्येक इंजिन थोडं वेगळं. हवाई फटाक्याला ते चालतं, पण इथे छत्री तीन सेकंदांनी उघडायची म्हणजे तीन सेकंदांनीच उघडायला हवी. स्टाइनला डेन्वरमध्येच व्हर्न एस्टेस हा तरुण भेटला. त्याच्या घरात दारूकामाचा धंदा होता. पत्नी ग्लेडा हिच्यासह त्याने १९५८ मध्ये काम हाती घेतलं आणि हवेच्या दाबावर चालणारं एक यंत्र बांधलं. त्याचं लाडकं नाव 'मेबल'. जानेवारी १९५९ मध्ये मेबल सुरू झाली आणि साधारण साडेपाच सेकंदांना एक इंजिन बाहेर टाकू लागली. सगळी एकसारखी आणि स्वस्त.

मेबल इतकी भराभर काम करू लागली की स्टाइनच्या कंपनीला लागणाऱ्या इंजिनांपेक्षा जास्त माल तयार होऊ लागला. मग एस्टेस दांपत्याने तो थेट मुलांना, टपालाने विकायला सुरुवात केली. सोबत स्वतःची रॉकेट किटंही काढली. स्टाइनची कंपनी लवकरच बंद पडली, पण एस्टेस यांचा पसारा वाढला. १९६१ मध्ये ते पेनरोज या गावी ७७ एकर जागेवर गेले. आपण इथून कॉलोराडो स्प्रिंग्जच्या पुढे कॅनन सिटीकडे जातो ना, त्या वाटेवरचं हे गाव. रॉयल गॉर्ज बघायला जाताना आपण पाहुण्यांना घेऊन तिथून कितीदा गेलो असू! अमेरिकेतल्या लाखो मुलांचं पहिलं रॉकेट या गावातून टपालाने गेलं.

आता खोका उघडू या, कारण या इतिहासाचा खरा ठेवा त्या खोक्यात आहे.

पंख बाल्साच्या लाकडाचे. हे लाकूड प्रामुख्याने इक्वेडोरमधून येतं, अगदी हलकं, नखाने दाबलं तरी खळगा पडतो. पंख कापताना लाकडाची रेष पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवायची. आडवी ठेवली की पंख बिस्किटासारखा मोडतो. पुढची कड पॉलिश पेपरने गोल करायची, म्हणजे हवा अडत नाही. पंख नळीला सरळ चिकटवायचे आणि मग सांध्यात बोटाने गोंदाची एक बारीक गोलाई ओढायची. सांधा त्या गोलाईनेच पक्का होतो. घाई केली तर गोंद ओघळतो आणि वाळल्यावर गाठ राहते.

मग येतं रंगकाम. माझ्या मुलाला वाटलं होतं, स्प्रे मारला की झालं. पण बाल्सा स्पंजासारखं रंग पिऊन टाकतं आणि त्याच्या रेषा वर दिसत राहतात. म्हणून आधी सीलरचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपरने घासायचं. पुन्हा हात, पुन्हा घासायचं. असं दोन-तीनदा. नळीवर कागद गुंडाळल्याची नागमोडी खाच असते, तीही भरून घ्यायची. आपल्याकडे भिंत रंगवण्याआधी रंगारी लांबी भरतात, अगदी तसंच. मग अस्तर, बहुधा पांढरं. मग आधी फिका रंग, नंतर गडद. मध्ये चिकटपट्टी लावून रेघ सरळ काढायची. रंग एका जाड थरात नाही, पातळ पातळ हातांनी द्यायचा. शेवटी पाण्यात भिजवून सुटणारी चित्रं चिकटवायची आणि वरून पारदर्शक हात.

हे सगळं नुसतं नटवणं नाही. गुळगुळीत पृष्ठभागाला हवा कमी अडवते, त्यामुळे रॉकेट जास्त उंच जातं. भडक नारिंगी-पिवळा रंग आकाशात आणि गवतात पटकन सापडतो. पण रंगालाही वजन असतं. शेपटीकडे भरमसाट रंग चढवला तर रॉकेटचा तोल मागे सरकतो आणि मग ते वर जाताना भरकटू शकतं.

हा तोल गणिताने कसा काढायचा, हेही या छंदाला एका छांदिष्टानेच दिलं. जेम्स बॅरोमन नासाच्या गॉडर्ड केंद्रात अभियंता होते आणि मॉडेल रॉकेटंही करत. रॉकेटवर हवेचा जोर नेमका कोणत्या बिंदूवर एकवटतो, हे साध्या बेरीज-गुणाकाराने काढायची समीकरणं त्यांनी १९६६ मध्ये मांडली. वजनाचा मध्य या बिंदूच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका असला पाहिजे. समीकरण नको असेल तर सोपी चाचणी आहे. उडायला तयार रॉकेट वजनाच्या मध्यावर दोरीने बांधायचं आणि डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक.

इंजिनावरची अक्षरंही मुलांना वाचायला शिकवा. समजा ए ८-३ लिहिलं आहे. ए म्हणजे एकूण जोराचा गट. बी त्याच्या दुप्पट, सी बीच्या दुप्पट. आठ म्हणजे सरासरी जोर, न्यूटनमध्ये. तीन म्हणजे इंधन संपल्यावर छत्रीचा बार होईपर्यंतचे सेकंद. सहावीच्या मुलाला न्यूटन पुस्तकात भेटतो तेव्हा नुसतं नाव असतं, इथे तो खिशात असतो.

आता आपली थोडी फुशारकी. अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांत 'बाण' आणि 'बाणदार' हे शब्द वारंवार येतात. ते बाण म्हणजे दारूचे अग्निबाण. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूने लोखंडी नळीचे बाण इंग्रजांवर सोडले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांचे नमुने इंग्लंडला गेले आणि त्यांवरून काँग्रीव्ह यांनी आपली रॉकेटं बनवली. तीच रॉकेटं इंग्रजांनी १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर डागली. आपली मुलं शाळेत छातीवर हात ठेवून अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणतात, त्यातला रॉकेटचा लाल प्रकाश तो हाच. शेजाऱ्यांनी विचारलं तर जरूर सांगा. पण हेही सांगा की त्या लोखंडी नळीची कागदी नळी व्हायला, शस्त्राचं खेळणं व्हायला, आणखी दीडशे वर्षं लागली. आणि ते काम कुठल्या सेनापतीने केलं नाही, बूट विकणाऱ्या एका माणसाने आणि त्याच्या भावाने केलं.

स्टाइनने पुढे १९६५ मध्ये मॉडेल रॉकेटवर जाडजूड मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, ते पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. पण मला या सगळ्यांची मोठी देणगी वाटते ती नियमांची छोटी यादी. सांगाडा हलका, धातू नको. इंजिन कारखान्यातलंच, त्यात ढवळाढवळ नको. पेटवायचं विजेने, काडीने नाही. लहान इंजिनाला निदान १५ फूट लांब, मोठ्याला ३० फूट. मोठ्याने उलटे आकडे मोजायचे. जोराचा वारा असेल तर उडवायचं नाही. पेटलं नाही तर बॅटरीचा संबंध तोडून एक मिनिट थांबायचं, मगच जवळ जायचं. विजेच्या तारेवर अडकलं तर सोडून द्यायचं. यात 'हे करू नकोस' आहेच, पण त्याआधी 'हे असं कर' आहे. आमच्या घरी दादाला फक्त पहिलं सांगितलं गेलं, दुसरं कुणी सांगितलंच नाही. कारण ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर मंडळी, मी खोका परत काढला. मुलाला दादाची गोष्ट सांगितली, सगळी सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, आपण नियम भिंतीवर लावू या." तीन शनिवार आम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून घासत बसलो. पहिला रंग ओघळला, तो घासून पुन्हा दिला. माझ्या मॅनिक्युअरचं काय झालं ते विचारू नका.

उन्हाळ्यात गवत वाळलेलं आणि आग लावायला बंदी होती, म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबलो. मग एका पहाटे, वारा सुटण्याआधी, परवानगी असलेल्या मैदानावर गेलो. पाच, चार, तीन, दोन, एक. सूं... करून ते गेलं, एवढंसं झालं, मग पुफ् असा आवाज आणि निळ्या आकाशात नारिंगी छत्री. उतरताना एक पंख मोडला. मुलगा रडला नाही, "गोंद आहे ना घरी?" एवढंच म्हणाला.

रात्री सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. दादा आता पन्नाशीला आलाय. मी त्याला चित्रफीत दाखवली. त्याने ती दोनदा पाहिली आणि विचारलं, "काय गं, बटण किती लांब होतं?"

"पंधरा फूट," मी म्हणाले.

तो हसला. वाकडी बोटं कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला, "एवढीच वायर पायजे होती बघ."

यंदाच्या दिवाळीत तुमच्या घरात एखादं पोर रॉकेटचा हट्ट धरेल, तेव्हा लगेच 'नाही' म्हणू नका आणि लगेच 'हो'ही म्हणू नका. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, पॉलिश पेपर काढा आणि शेजारी बसा. रंग वाळेपर्यंत सांगायला नॉरफोकच्या बुटांच्या दुकानाची गोष्ट आता तुमच्याकडे आहे.

उडवायला जाण्याआधी आपल्या काउंटीत आगीची बंदी नाही ना, हे तेवढं तपासा. भेटू पुढच्या रविवारी. नमस्कार.